पार्टिशनपलीकडची हजेरी

गिरीज, वसई
मे २००६

प्रिय आशा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. फळ्यावर वर्तुळं काढून काढून माझी सगळी अक्षरं गोल झालीत, असं तूच म्हणायचीस. नालासोपारा काही परदेशात नाही, गासवरून एस.टी. पकडली की अर्ध्या तासात मी तुझ्या दाराशी. तरी ही बाई पत्र लिहायला बसली म्हणजे नक्की काहीतरी आहे, हे तुझ्या मनात आलंच असणार. आहेच. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी बडबडायचं आणि पलीकडून तू पेल्यावर चमचा वाजवायचा, एकदा वाजला की हो आणि दोनदा वाजला की नाही. मागच्या वेळी मी जून महिन्याचं नाव काढलं तर तू इतका चमचा बडवलास की पेला फुटला की काय असं वाटलं मला. कागदावर तुला चमचा वाजवता येत नाही, म्हणून हा घाट घातलाय. शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालून ठेवशील तर बघ.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. ऑगस्टीन मोगऱ्यात बुडालाय. सुट्टी लागली तरी पहाटे कळ्या खुडायला मला उठवतोच, वर म्हणतो की मास्तरीण बायकोला एवढी सुट्टी देऊन सरकारने त्याच्यावर उपकार केलेत. लाइटचं विचारू नकोस, तुमच्याकडेही तेच रडगाणं असेल. दुपारी पंखा थांबला की मी आंब्याखाली खुर्ची टाकते. आत्ताही तिथेच बसलेय. कागदावर मुंगळ्याची पावलं दिसली तर तो माझा दोष नाही.

खरं सांगू का, सुट्टी लागण्याआधीचा शेवटचा महिना मला शाळेत करमलंच नाही. आपल्या दोन वर्गांमधलं ते प्लायवूडचं पार्टिशन! शाळेच्या सणाला काढून एकच हॉल करता यावा म्हणून ठेवलेलं, पण आवाज कसला अडवतंय ते. इकडे माझं प्रमेय, तिकडे तुझी कविता. माझी पोरं त्रिकोण काढता काढता तुझ्या चालीवर माना डोलवायची आणि मी डस्टर आपटला तरी त्यांना पत्ता नसायचा. तुझी हजेरी तर काय सांगावी! पुस्तक न उघडता, तोंडपाठ, लयीत. ज्या वर्षी आपल्या दोघींच्याही वर्गात एकेक सुमेध होता ते वर्ष आठवतं ना? तू तिकडून सुमेध म्हटलंस की माझा सुमेध इकडे उभा राहून ठणकावून हजर म्हणायचा. पहिल्या दिवशी बिचारा चुकून उठला, नंतर रोज मुद्दाम. मी रागावायला उठायची आणि पलीकडून तुझं हसू ऐकू आलं की मलाच हसू फुटायचं. आता तिकडे तुझ्या जागेवर बदलीची मुलगी आहे. गुणी आहे, पण तिचा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही. माझा वर्ग इतका शांत झालाय की मला गणितं चुकल्यासारखी वाटतात.

गेली दोन वर्षं तुझा आवाज फाटत चाललाय, हे आपण सगळेच ऐकत होतो. तू ज्येष्ठमधाची काडी गालात धरून शिकवायचीस, आम्ही हळद-दुधाचा सल्ला द्यायचो आणि घंटा वाजली की पुन्हा पंचाहत्तर पोरांच्या वर्गात ढकलून द्यायचो. शेवटी घशात गाठी झाल्या, पाडव्याच्या सुमारास ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ईस्टरपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगितलं. मी तुला चिडवलं होतं की आम्ही उपवासकाळात मांस-मच्छी सोडतो, तू आमच्याही पुढे गेलीस, बोलणंच सोडलंस. तू हसलीस, मोठ्याने हसता येत नव्हतं म्हणून खांदे हलवून. मग ईस्टरच्या आठवड्यात मी डबा घेऊन आले तेव्हा तू पाटी काढलीस आणि त्या तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंस, जूनपासून मी येणार नाही. मी काही बोलायच्या आत पुसूनही टाकलंस. घरी येताना एस.टी.त मी रडले, आशा. शेजारच्या कोळणीने मला आपल्या पिशवीतली सुपारी देऊ केली, म्हणजे माझा चेहरा काय झाला असेल बघ.

तर आता खरी बातमी. निकालाच्या गडबडीत फादर प्लासिडनी हरेश्वर सरांना आणि मला एक दिवस गोरेगावला पाठवलं. शिक्षणात वापरायच्या नव्या नव्या यंत्रांचं मोठं प्रदर्शन होतं. मला अजिबात जायचं नव्हतं. तपासायचे पेपर पडलेले आणि हे म्हणे प्रदर्शन बघा. पण फादरांसमोर नाही कोण म्हणणार? सर मात्र नव्या नवरदेवासारखे आले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आत शिरल्या शिरल्या त्यांनी फुकटच्या पिशव्या गोळा करायला सुरुवात केली. प्रत्येक पिशवीत माहितीपत्रकं. दुपारपर्यंत त्यांच्या दोन्ही खांद्यांवर इतक्या पिशव्या लटकल्या की त्यांना लोक एखादा स्टॉलवाला समजून भाव विचारायला लागले. वर सोडतीत त्यांना भिंतीवरचं घड्याळ लागलं. परत येताना स्टेशनभर ते घड्याळ छातीशी धरून चालत होते.

तिथे काय नव्हतं सांगू! बोटाने लिहायचा फळा. पृथ्वी गरगर फिरवून दाखवणारा पडदा. उभा-आडवा छेद दाखवणारं हृदय, आपोआप धडधडणारं. माझी तर भूमितीवाल्यांनी दांडीच उडवली. एका पडद्यावर त्रिकोणाचा कोपरा ओढला की त्रिकोण मोठा व्हायचा आणि तरी तीन कोनांची बेरीज तीच. वीस वर्षं मी जे घसा फोडून सांगतेय ते त्या पडद्याने एका मिनिटात पटवलं. मला हेवा वाटला, रागही आला. मग मी माझा प्रश्न विचारला, लाइट गेल्यावर हे काय करतं? तिथला टाय लावलेला मुलगा वाकून टेबलाखाली बघायला लागला. मुंबईत राहणाऱ्याला काय माहीत लोडशेडिंग! त्याला वाटलं मी वायर निसटल्याबद्दल बोलतेय. मग मी प्रत्येक स्टॉलवर तेच विचारत सुटले. लाइट गेल्यावर हे काय करतं? कोणी इन्व्हर्टर घ्या म्हणालं, कोणी हसलं, एकाने तर शाळेची वेळ बदला म्हणून सुचवलं. पण गंमत बघ, माझ्या मागे मागे पाच-सहा बाया आणि तीन मास्तर यायला लागले. कोणी मुरबाडचे, कोणी नगरकडचे, सगळ्यांच्या शाळेत तीच बोंब. त्यांना वाटलं ही बाई काहीतरी निकाल लावणार. अशी माझी छोटी मिरवणूक हॉलभर फिरत होती.

आणि त्या मिरवणुकीसकट मी एका कोपऱ्यातल्या लहानशा स्टॉलवर पोचले. तिथल्या माणसाकडे एकच वस्तू होती. कमरेला बांधायचा टिफिनएवढा लाउडस्पीकर आणि तोंडासमोर येणारा नाजूक माइक. माझा प्रश्न विचारला तर म्हणाला, बाई, हे बॅटरीवर चालतं. मी तिथेच थांबले. तुझाच चेहरा आला डोळ्यांसमोर. त्याने मला तो पट्टा बांधला आणि सांगितलं की हळू बोला, अगदी कुजबुजल्यासारखं. मी माझ्या मते हळूच बोलले. यंत्राने अशी किंकाळी फोडली की समोरच्या स्टॉलवरचा माणूस खाली वाकला. स्टॉलवाला म्हणाला, अजून हळू. पुन्हा किंकाळी. मला हळू बोलताच येईना, आशा! मग मुरबाडच्या बाईंनी करून बघितलं, त्यांनी तर सगळा हॉल हलवला. नगरच्या मास्तरांनी नुसतं नमस्कार म्हटलं तर यंत्रच बंद पडलं. आम्ही इतके शिक्षक, आणि आमच्यातल्या एकालाही कुजबुजता येईना. सगळ्यांचे गळे घोगरे, सगळ्यांच्या पर्समध्ये खडीसाखर नाहीतर लवंग. हसता हसता आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि आपापली खडीसाखर एकमेकांपुढे धरली.

तुला हेच सांगायचंय. स्टाफरूममध्ये वाटत होतं की घसा बसतो तो त्या बाईचा दोष. तिने आरडाओरडा केला, तिने थंड पाणी प्यायलं, तिला शिस्त लावता येत नाही. तूही मला पाटीवर एकदा लिहिलं होतंस, माझंच चुकलं. अगं, तुझं एकटीचं कुठलं चुकलं? तिथे अख्ख्या महाराष्ट्राचा घसा बसलेला होता. हे मला आपल्या शाळेत बसून जन्मात कळलं नसतं. यंत्रं काय, ती माहितीपत्रकातही दिसतात. पण एक दिवस घरचं दार ओढून बाहेर पडलं, परक्या गावच्या बायांशेजारी उभं राहिलं, की आपलं दुखणं आपल्या एकटीचं नाही हे समजतं. फादर मला सक्तीने पाठवतात म्हणून मी कुरकुरले होते, आता मी त्यांच्यासाठी मेणबत्ती लावलीय.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आल्या. कोल्हापूरकडच्या, नाव संपदाबाई, नऊवारीतल्या आईला हाताला धरून आलेल्या. त्यांच्या कमरेला अगदी तसंच यंत्र होतं, पण जुनं. पदराच्या कापडाची शिवलेली पिशवी, त्यावर रबरबँड. त्या नवी बॅटरी घ्यायला एवढ्या लांब आल्या होत्या. त्यांनी माइक ओठांशी घेतला आणि बोलल्या. आवाज लहानसा, थोडा खरखरीत, पण शब्द न् शब्द स्पष्ट. आम्ही सगळे वर्गातल्या पोरांसारखे ऐकत उभे. त्यांचंही तुझ्यासारखंच ऑपरेशन झालेलं. मी त्यांना बाजूला ओढून बसवलं, हरेश्वर सरांना चहा आणायला पिटाळलं आणि सगळं खोदून खोदून विचारलं. पोरं आधी हसली, त्यांना रेडिओबाई म्हणाली. मग आठवड्याभरात वर्ग आपोआप खाली बसला, कारण बाई हळू बोलतात म्हटल्यावर ऐकायचं तर गप्प बसायला लागतं. आता त्या म्हणतात की आधीची वीस वर्षं उगाच ओरडण्यात घालवली.

मी त्यांना तुझ्या कवितेबद्दलही विचारलं. खोटं कशाला सांगू, त्यांना गाता येत नाही. ते गेलं. हे सांगताना त्या आईचा हात धरून बसल्या होत्या. आता त्या टेबलावर बोटांनी ताल धरतात आणि गातात ती पोरं. पहिल्या दिवशी त्यांना ते ऐकवेना, वर्गाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आता त्यांना ते आवडतं, म्हणे पोरांचे आवाज आपल्याला कधी नीट ऐकूच आले नव्हते. तू गाणार नाहीस हे मला माहीत आहे आणि त्याचं मला भयंकर वाईट वाटतंय. पण ताल तर तू पेल्यावरसुद्धा धरतेस, मी ऐकलाय.

परत आल्यावर नेहमीप्रमाणे शनिवारी स्टाफसमोर वृत्तांत द्यायचा होता. सरांनी पिशव्या ओतून टेबल भरून टाकलं. मी मात्र त्या पडद्यांबद्दल एक अक्षर बोलले नाही, सगळ्यांना विचारलं की घसा कोणाकोणाचा दुखतो. आधी पीटीच्या सरांनी हात वर केला, आणि मग बघता बघता सगळ्यांनी. नंतर फादर मला बाजूला घेऊन म्हणाले की आशालताबाईंचा निर्णय जूनच्या आधी कळला तर बरं, नाहीतर नवीन नेमणूक करावी लागेल, पण त्यांच्यावर जोर नको. माणूस भला आहे गं. मी म्हटलं, मी विचारते. यंत्र मी घेऊन ठेवलंय. कितीला पडलं ते मी सांगणार नाही, तुला विचारायचं असेल तर तोंड उघडावं लागेल.

इथपर्यंत वाचून तुला वाटलं असेल की जुलियाना शाळेसाठी गळ घालतेय. मलाही हे पत्र तसंच लिहायचं होतं. पण परवा तुझी क्षितिजा माझा डबा परत द्यायला आली. तिला रागावू नकोस, शपथ आहे तुला माझी. याच आंब्याखाली बसली आणि पन्ह्याचा पेला हातात धरून रडायला लागली. तिने सांगितलं की ईस्टरनंतरच्या तपासणीतच डॉक्टरांनी तुला बोलायची परवानगी दिली होती. तू तिथे एक वाक्य बोललीस, तुझा तो नवा आवाज तुझ्या कानावर पडला आणि तू तोंड मिटून घेतलंस ते आजपर्यंत. तिच्या वाढदिवसालासुद्धा तू आशीर्वाद पाटीवर लिहिलास. अगं आशा, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून तू तिला हाक मारायचीस तेव्हा अख्ख्या कॉलनीतली पोरं घरी पळायची! ती पोर म्हणते, आईचा आवाज कसाही असू दे, मला हाक पाहिजे. मी परवापासून तेच ऐकतेय. शाळा, फादर, जून महिना, सगळं राहू दे बाजूला, मी त्यासाठी लिहितच नाहीये. संपदाबाईंनी निघताना मला एक सांगितलं होतं, ते आता समजलं. यंत्र नंतर, म्हणाल्या, आधी आपला नवा आवाज आपण घरात सोसायला लागतो. त्यांना माणसांसमोर बोलायची लाज वाटायची म्हणून त्या रोज गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलायच्या. तुझ्या नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये म्हैस कुठून आणणार? पण मी आहे. येत्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की येते. यंत्र पिशवीत असेल, बाहेर काढायचं की नाही ते तू ठरव. मी आणि क्षितिजा पुढच्या खोलीत बसू, तुझ्याकडे पाठ करून. तू स्वयंपाकघरात बस, दार लोटून घे. इतकी वर्षं मी तुला तोंड बघून कुठे ऐकलंय, भिंतीपलीकडूनच तर ऐकलंय. फाटका येऊ दे, घोगरा येऊ दे, मधेच तुटू दे. कविता नको, काही नको, नुसती हजेरी घे. आधी तिचं नाव घे, मग माझं. आम्ही दोघी हजर म्हणू.

तुझीच,
पार्टिशनपलीकडची
जुलियाना